अल्माटीचा हिरवा बाजार: घोड्याचं मांस कसं ओळखावं, कसं घ्यावं आणि कसं खावं

कझाकस्तानात अल्माटीच्या जिबेक जोली रस्त्यावर, पानफिलोव बागेपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर हिरवा बाजार आहे. कझाक भाषेत 'कोक बाजार', रशियनमध्ये 'झिल्योनी बझार'. बाजार हा शब्द दोन्हीकडे आपलाच. फळं, सुकामेवा, मध, चीज असं सगळं इथे मिळतं, पण हा आढावा फक्त मांसाच्या भागाचा आहे. एरवी मटण-चिकन खाणारा मराठी माणूस इथे पहिल्यांदा गेला की त्याला दोन प्रश्न पडतात. हे कशाचं आहे? आणि मी हे खाऊ शकतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हा बाजार फार चांगलं देतो. दुसऱ्याचं आपलं आपण द्यायचं.

अनोळखी मांस आणि अज्ञात मांस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोड्याची बरगडी तुम्ही आयुष्यात पाहिली नसेल, पण ती बरगडी म्हणून समोर टांगलेली आहे, वर पाटी आहे आणि विकणारी बाई विचारल्यावर बोट लावून सांगते की हे मानेचं, हे पाठीचं. ते मांस अनोळखी आहे, अज्ञात नाही. त्याच रस्त्यावर कोपऱ्यावरच्या टपरीत गरम गरम सामसा मिळतो. तो दिसायला अगदी आपल्या समोशासारखा, म्हणून ओळखीचा वाटतो, आणि आतला बारीक चिरलेला ऐवज गाईचा की मेंढीचा हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. फसगत होते ती अशा ठिकाणी. बाजाराच्या मांसविभागाला आम्ही मनापासून चांगलं म्हणतो ते या एका कारणासाठी: इथे जनावरं वेगळ्या रांगांत आहेत आणि तुकडे मोठे आहेत.

थोडं जाण्याबद्दल. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात 2022 पासून 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे दिल्लीहून विमानाने येणारे पर्यटक बरेच वाढले आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली मराठी मुलंमुली या शहरात आधीपासून आहेत. मेट्रोने आलात तर जिबेक जोली स्थानकावर उतरा. सोमवारी बाजार बंद ठेवायची जुनी पद्धत आहे, म्हणून सोमवार टाळा. सकाळी जा. दुपारनंतर चांगले तुकडे संपलेले असतात आणि उन्हाळ्यात उरलेला माल दिवसभर हाताळला गेलेला असतो. स्थानिक लोक मोबाईलवर 'कास्पी'ने पैसे देतात. ते आपल्याकडे चालत नाही, तेव्हा रोख तेंगे जवळ ठेवा, तेही सुटे.

आता पाट्या. त्या कझाक आणि रशियन भाषेत असतात, लिपी सिरिलिक. पूर्ण लिपी शिकायची गरज नाही, पहिलं अक्षर पुरतं. गाईचं मांस म्हणजे 'गव्यादिना'. हा शब्द मराठी माणूस विसरूच शकत नाही, कारण आपल्या 'गव्य'चा आणि त्याचा मूळ धातू एकच आहे. त्याचं पहिलं अक्षर इंग्रजी एल उलटा करून टांगल्यासारखं दिसतं. डुकराचं मांस 'स्विनिना', पहिलं अक्षर इंग्रजी सीसारखं. मेंढीचं 'बारानिना', पहिलं अक्षर बी आणि सहा यांच्या मधलं काहीतरी. घोड्याचं 'कोनिना', पहिलं अक्षर के. मात्र कोंबडीचं 'कुरित्सा'ही केनेच सुरू होतं, म्हणून दुसरं अक्षर बघायचं: गोल ओ असेल तर घोडा, वाय असेल तर कोंबडी. एक शब्द मात्र नक्की लक्षात ठेवा, 'तेल्यातिना', टीने सुरू होणारा. ते वासराचं मांस. गोमांस टाळणारे लोक 'गव्यादिना' पाठ करून जातात आणि इथे अडकतात. 'इंदेइका' म्हणजे टर्की, त्या पक्ष्याचा भारताशी काही संबंध नाही.

कझाकमध्ये मांसाला 'एत' म्हणतात आणि जनावराचं नाव आधी लागतं: 'सियर एती' गाईचं, 'कोय एती' मेंढीचं, 'जिल्की एती' घोड्याचं, 'तुये एती' उंटाचं, 'शोश्का एती' डुकराचं. रशियनमध्ये मांस म्हणजे 'म्यासा', तोही आपल्या 'मांस' शब्दाचाच भाऊ. पण मेनूवर नुसतं 'स म्यासम', म्हणजे 'मांसासह', एवढंच लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ते गोमांस असतं. नाव न लिहिलेलं मांस गाईचं समजून चालायचं, हा नियम या देशात सहसा चुकत नाही. विचारायचं असेल तर 'एता काकोये म्यासा?' म्हणजे 'हे कसलं मांस?' एवढं पुरे. 'बेझ गव्यादिनी' म्हणजे गोमांसाशिवाय, 'बेझ स्विनिनी' म्हणजे डुकराशिवाय. दुसऱ्याबद्दल इथे कुणाला नवल वाटत नाही, लोकसंख्या बहुतांशी मुस्लिम आहे. पहिल्याबद्दल वाटतं, आणि म्हणूनच ते दोनदा विचारावं लागतं.

घोड्याच्या रांगेत आल्याचं पाटी न वाचताही कळतं. मांस गडद, जवळपास जांभळट लाल असतं आणि चरबी पिवळसर. गोमांसाची चरबी जास्त पांढरी आणि कडक, मेंढीची पांढरीशुभ्र आणि मेणासारखी. घोड्याच्या मांसात चरबीच्या बारीक रेषा फारशा नसतात. मांस वेगळं, चरबी वेगळी, असे थर दिसतात. म्हणूनच इथली सगळी कारागिरी त्या दोघांना पुन्हा एकत्र आणण्यात आहे.

त्या कारागिरीचं सगळ्यात मोठं नाव 'काझी'. घोड्याच्या बरगडीवरचं मांस त्याच्या चरबीच्या थरासकट लांब पट्टीत सोडवतात, मीठ, मिरी आणि लसूण चोळून मुरवतात आणि स्वच्छ केलेल्या आतड्यात ती पट्टी अखंड सरकवतात. दोन्ही टोकं बांधली की हातभर लांब, वाकलेली नळी तयार होते. हिचं मोल चरबीच्या जाडीवर ठरतं आणि ती जाडी बोटांनी मोजतात. कझाकमध्ये त्या बोटभर मापाला 'एली' म्हणतात. आपल्याकडे भातावर पाणी दोन बोटं तसं तिथे काझीवर चरबी दोन बोटं.

'शुझुक' बाहेरून हुबेहूब काझीसारखा दिसतो, पण आत अखंड पट्टी नसते. मांस आणि चरबी बारीक चिरून भरलेली असते. चव वाईट नसते, किंमत कमी असायला हवी. काझीच्या भावात शुझुक गळ्यात पडू नये म्हणून नेहमी कापलेला काप बघून घ्या. कापात एका बाजूला सलग मांस आणि दुसऱ्या बाजूला सलग चरबी दिसली तर काझी. ठिपके ठिपके दिसले तर शुझुक. 'कार्ता' म्हणजे मोठं आतडं, चरबी न काढता धुऊन उलटं केलेलं, म्हणजे चरबी आतल्या बाजूला जाते. ओझरी-आतडी आवडणाऱ्याने पहिल्यांदा कार्ताच घ्यावा, बाकीच्यांनी शेवटी. 'जाल' म्हणजे आयाळीखालची मानेवरची चरबी. मांस जवळपास नाहीच, पातळ काप करून इतर मांसाबरोबर खायची. 'जाया' म्हणजे मागच्या पुठ्ठ्याचं मांस, वर चरबीचा एक थर. पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी आमची शिफारस जायाची. मांस जास्त, चरबी माफक, आतड्याचा प्रश्नच नाही, आणि चव कळायला हाच तुकडा सगळ्यात सरळ.

हे सगळे प्रकार दोन अवस्थांत मिळतात आणि पर्यटकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एक कच्चं, खारवलेलं किंवा वाळवलेलं. दुसरं उकडून धुरावलेलं, ज्याला रशियनमध्ये 'वार्योना-कोपचोनाया' म्हणतात. दोन्ही एकाच काउंटरवर शेजारी शेजारी टांगलेली असू शकतात. उकडून धुरावलेली काझी घट्ट, तपकिरी आणि बाहेरून कोरडी असते, कापला की काप आकार धरून राहतो. कच्ची दाबली की मऊ लागते, आतलं मांस लालच असतं आणि बांधलेल्या टोकाशी ओलावा दिसतो. हॉटेलच्या खोलीत बसून खायला घेत असाल तर 'गोतोवाया?' म्हणजे 'तयार आहे का?' हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेती बहुतेक वेळा स्वतःच पातळ काप सुरीवर पुढे करते. नाही केला तर 'मोझ्ना पोप्रोबवात?' म्हणजे 'चाखू का?'. दोन माणसांना 'द्वेस्ती ग्राम', दोनशे ग्रॅम, भरपूर होतात. अर्धा किलो घेणाऱ्यांचा निम्मा माल फ्रिजमध्ये वाया जातो, कारण चरबी लवकर पोट भरवते.

चाखताना नाक वापरा. घोड्याची चरबी मेंढीच्या किंवा गाईच्या चरबीपेक्षा पातळ प्रकृतीची, असंतृप्त घटक जास्त असलेली असते. त्यामुळे ती तोंडात छान विरघळते, आणि त्याच कारणाने हवेत लवकर खवटते. ताज्या चरबीला सौम्य, थोडा गोडसर वास येतो. जुनी झाली की जवसाचं तेल बरेच दिवस उघडं राहिल्यावर येतो तसा वास येतो आणि कडेला नारिंगी-करडी झाक चढते. असा माल हसून परत द्या. कुणी रागावत नाही.

चवीबद्दल लोक फार काही ऐकून येतात, म्हणून नेमकं सांगतो. उग्र वास नाही. बोकडाच्या मटणापेक्षाही कमी. मांस थोडं गोडसर लागतं, कारण घोड्याच्या स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जास्त असतो. तंतू लांब आणि स्पष्ट, म्हणून आडवा काप हवा. थंड काझीचा सेंटिमीटरभर जाड काप ताटलीत ठेवलेला बघा: कडेला आतड्याची पातळ कागदासारखी कड, आत अर्धचंद्रासारखी फिकट पिवळी चरबी, तिच्या कुशीत गडद मांस, आणि काप खोलीच्या उबेला दोन मिनिटं राहिला की चरबीवर चमक येते. ती चमक म्हणजे चरबी विरघळायला लागल्याची खूण. तेव्हा खायचा, फ्रिजमधून काढल्या काढल्या नाही. घोड्याची चरबी आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आतच मऊ होते, मेंढीच्या चरबीला 40 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. मटण गार झालं की टाळूला मेण चिकटल्यासारखं होतं, तसं इथे होत नाही. बरोबर कच्च्या कांद्याच्या चकत्या आणि मिरी. लोणचं, चटणी, लिंबू पिळणं हे सगळं नको. मांस आधीच खारं असतं आणि मसाल्याखाली त्याचा गोडवा पूर्ण झाकला जातो.

विद्यार्थी किंवा स्वयंपाकघर असलेली खोली घेणारे लोक कच्ची काझी घेऊन घरी शिजवू शकतात, आणि ती तयार काझीपेक्षा निश्चितच चांगली लागते. पद्धत सोपी, पण धीराची. काझी गार पाण्याने धुवा, पसरट पातेल्यात गोल वळवून ठेवा, पूर्ण बुडेल एवढं गार पाणी घाला आणि मंद आचेवर ठेवा. उकळी येताना वर फेस येतो, तो काढत राहा. उकळी आली की आच इतकी कमी करा की पाणी फक्त हलताना दिसेल. वीस-पंचवीस मिनिटांनी टूथपिकने पाच-सहा ठिकाणी टोचा. न टोचता ठेवली तर आतली वाफ आणि वितळलेली चरबी आतडं फाडते आणि सगळा ऐवज पाण्यात येतो. फार लवकर टोचली तर रस निघून जातो. मग दीड ते दोन तास. पाण्यात मीठ घालू नका, काझीचं मीठ पाण्यात उतरतं. शेवटी चव बघून ठरवा. आणि प्रेशर कुकर अजिबात नको. भारतातून आणलेला कुकर समोर असतो, चार शिट्ट्यांत होईल असं वाटतं, आणि झाकण उघडल्यावर चरबीचा तवंग, फाटलेलं आतडं आणि सुटे तंतू मिळतात. शिजल्यावर काझी पाण्यातच कोमट होऊ द्या आणि मगच कापा. गरम कापली तर चरबी सुरीबरोबर वाहून जाते. उरलेलं पाणी टाकू नका. तीच 'सोर्पा', त्यांचा अळणी रस्सा. कोल्हापुरी माणसाला अळणीची किंमत वेगळी सांगायला नको.

शिजवायचं नसेल तर शहरात दोन मार्ग. एक 'स्तोलोवाया', म्हणजे ट्रे घेऊन रांगेत जायचं आणि बोट दाखवून वाढून घ्यायचं. 'कागानात' नावाची अशी साखळी शहरभर आहे. पदार्थ डोळ्यांसमोर असतो हा फायदा. तोटा असा की वाढायचे डाव एका भांड्यातून दुसऱ्यात फिरतात, त्यामुळे गोमांस पूर्णपणे टाळायचं असेल तर स्तोलोवायामध्ये फक्त वेगळ्या ताटलीत आधीच वाढून ठेवलेले पदार्थ घ्या. दुसरा मार्ग कझाक जेवणाची बसून खायची ठिकाणं. तिथे 'बेशबार्माक' मागवतात: उकडलेल्या मांसाचे तुकडे, खाली सोर्प्यात शिजवलेल्या कणकेच्या रुंद चौकोनी पापड्या, वर कांदा. शब्दाचा अर्थ 'पाच बोटं', कारण पूर्वी हातानेच खायचे. आपल्या वरणफळांची आठवण येते, फक्त वरणाऐवजी रस्सा. पण बेशबार्माक हे पदार्थाचं नाव आहे, मांसाचं नाही. घोडा, मेंढी, गाय यांपैकी काहीही असू शकतं, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच ताटात दोन प्रकार येतात. मागवताना 'इझ कोनिनी?' म्हणजे 'घोड्याचं आहे का?' हे विचाराच, आणि रस्सा कशाचा आहे हेही. मांस घोड्याचं आणि पापड्या शिजवल्या गाईच्या रश्श्यात, असं होऊ शकतं. ताट चार जणांचं असतं. दोघांनी अर्धं मागवा.

'कुइर्दाक' म्हणजे काळीज, हृदय, गुर्दे, कधी फुप्फुस, चरबीत कांद्याबरोबर परतलेले. वजडी खाणाऱ्याला हा पदार्थ लगेच आवडतो. चांगल्या कुइर्दाकची खूण काळजात असते: आधी हृदय-गुर्दे शिजवून काळीज अगदी शेवटी टाकलेलं असेल तर ते मऊ राहतं, सगळं एकदम टाकलं असेल तर खडूसारखं भुसभुशीत लागतं. इथेही जनावर विचारायचंच. 'म्यास्नोये आसोर्ती' या नावाची थंड मांसाची ताटली पर्यटकांना फार भुरळ घालते. तिच्यात काझीच्या शेजारी हमखास 'यझिक' असतो. ती जीभ, आणि बहुधा गाईची. सगळं मिळून एकच भाव लावलेला असतो, वेगळं काढून मिळत नाही. त्यापेक्षा नुसती काझी मागवा.

खरी काळजी घ्यायची ती 'फार्श'ची, म्हणजे खिम्याची, आणि खिम्यातून बनणाऱ्या सगळ्या गोष्टींची: सामसा, मान्ती, ल्युल्या कबाब, कटलेट, सॉसेज. उदाहरण म्हणून 'दोक्तरस्काया' हे सोव्हिएत काळातलं सॉसेज घ्या. गुलाबी, मऊ, निरागस दिसणारं, न्याहारीच्या ब्रेडवर सगळीकडे. 1936 साली ठरवलेल्या त्याच्या मूळ कृतीत 100 किलोला 25 किलो गोमांस, 70 किलो डुकराचं मांस, 3 किलो अंडी आणि 2 किलो दूध असं प्रमाण होतं. म्हणजे एका चकतीत दोन्ही. आज हलाल आवृत्त्याही मिळतात, त्यांत डुक्कर नसतं, पण गोमांस असतंच. हॉटेलच्या फुकट न्याहारीतलं गुलाबी सॉसेज कुठल्या प्रकारचं हे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि खिम्याचा घोळ फक्त मध्य आशियातला नाही. जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्याने सुपरमार्केटमधले बीफ बर्गर तपासले तेव्हा एका नमुन्यातल्या मांसात 29 टक्के घोडा निघाला, आणि पुढे ते प्रकरण युरोपभर पसरलं. पाटी बीफची, कायदे कडक, तरी हे झालं, कारण एकदा यंत्रातून बारीक निघालं की डोळे, नाक आणि जीभ तिन्ही निरुपयोगी ठरतात. तुकडा दिसत नसेल तर खाऊ नये. हा एक नियम पाळला तरी परदेशातल्या मांसाबद्दलच्या बहुतेक चिंता मिटतात.

त्या युरोपीय प्रकरणात आणखी एक मुद्दा निघाला होता, तो इथे लागू पडतो का असं लोक विचारतात. शर्यतीच्या आणि स्वारीच्या घोड्यांना फेनिलब्युटाझोन नावाचं वेदनाशामक देतात, आणि ते औषध दिलेलं जनावर माणसाच्या अन्नात येऊ नये असा नियम आहे. कझाकस्तानात मांसासाठीचे घोडे वेगळेच पाळलेले असतात. 'जाबे' हा कझाक घोड्याचा जाड, बुटका प्रकार तर मांस-दुधासाठीच ओळखला जातो, आणि असे कळप गवताळ माळावर चरतात. हिवाळ्याच्या तोंडाला, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कुटुंबं मिळून एक घोडा कापतात आणि थंडीभर पुरवतात. त्याला 'सोगिम' म्हणतात. ताजी आणि जाड चरबीची काझी खायची असेल तर हाच काळ.

मांस पूर्ण शिजलेलंच खा. घोडा गवत खाणारा प्राणी आहे म्हणून त्यात जंत नसतात हा समज चुकीचा आहे. फ्रान्स आणि इटलीत 1975 पासून कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या घोड्याच्या मांसातून ट्रिकिनेला या कृमीच्या साथी आलेल्या आहेत. आत 71 अंशांपर्यंत तापलेलं मांस सुरक्षित, म्हणजे दोन तास उकडलेल्या काझीबद्दल चिंता नाही. नुसती खारवून वाळवलेली काझी मात्र न शिजवता खाऊ नये, गरोदर बाया, लहान मुलं आणि आजारातून उठलेले लोक यांनी तर नाहीच. चरबी भारी असते, म्हणून बरोबर गरम सोर्पा किंवा दूध घातलेला 'शाय', म्हणजे चहा, घ्या. शेजारी मिळणारा 'किमिझ', म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आंबट आणि थोडा मादक असतो. पहिल्याच दिवशी काझीवर ग्लासभर किमिझ प्यालात तर पोट रात्रभर बोलत राहील. आधी दोन घोट, दुसऱ्या दिवशी वाटीभर.

ज्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा घोड्यावर बसलेला आहे, ज्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या कपाळाला कुंकू लागलेलं पाहिलं आहे, त्यांचा हात घोड्याच्या मांसाकडे जात नाही, आणि तो जायलाच हवा असं काही नाही. कझाकांना घोडा आपल्यापेक्षा कमी प्रिय आहे असंही समजू नये. उत्तर कझाकस्तानातल्या बोताई इथे साडेपाच हजार वर्षांपूर्वी माणसं घोड्यांबरोबर राहत होती, त्यांच्या मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंश सापडले आहेत. ज्या माळावर शेती होत नाही तिथे घोडा हेच दूध, हेच वाहन आणि हिवाळ्यातलं हेच अन्न. नको असेल तर छातीवर हात ठेवून 'रख्मेत', म्हणजे 'आभार', म्हणा. पुरतं. अशांनी आणि शाकाहारी मंडळींनी मांसाची रांग ओलांडून कोरियन सॅलडच्या काउंटरकडे जावं. 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीत पूर्वेकडून सक्तीने हलवलेल्या कोरियन लोकांच्या वंशजांचं हे खाणं: गाजराचा लसूण-धणे-मिरची घातलेला कीस, कोबी, वांगी. धण्याचा वास आला की घरची आठवण येते. फक्त त्यांत मासे आणि मांसाचे प्रकारही असतात, तेव्हा बोट दाखवून विचारूनच घ्या.

तक्रारीही आहेत. पाट्यांवर भाव नेहमी लिहिलेले नसतात, आणि परदेशी चेहरा दिसला की पहिला भाव थोडा चढा येतो. दोन-तीन काउंटरवर विचारून मगच घ्या. घासाघीस थोडी चालते, भाजीबाजारासारखी नाही. वजन करताना काट्याकडे लक्ष ठेवा आणि बांधण्यापूर्वी तुकडा तोच आहे ना ते बघा. लाकडी ओंडक्यावर कुऱ्हाडीने तोडतात, त्यामुळे हाडाचे बारीक कण राहतात. घरी आल्यावर मांस धुताना बोटांनी चाचपा. फोटो काढायला बहुतेक जण हरकत घेत नाहीत, पण विचारून काढा. काही घेतल्यावर विचारलंत तर बाई स्वतः काझी उंच धरून उभी राहते.

काझी भारतात आणायचा विचार सोडा. मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत आणि विमानतळावर जप्त होतात, कितीही घट्ट पॅक केले तरी. जितकी घ्याल तितकी तिथेच संपवायची. उरलेली एक-दोन दिवस ठेवायची तर प्लॅस्टिकमध्ये नको, आत घाम धरतो आणि आतड्याची कड चिकट होते. जाड कागदात किंवा कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि खायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा.